आईच्या पाटल्या

कॉलेजच्या फीच्या खिडकीपुढं शालन आणि तिचे वडील दादासो रांगेत उभे होते. आज शेवटची तारीख. दादासोंच्या कापडदुकानाचं गेल्या साली दिवाळं निघालं, कोर्टानं त्यांना नादार ठरवलं, आणि तेव्हापासून चारचौघांत ते भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. आजही तसेच उभे होते. सकाळीच गुजरीत सराफाकडं शालनच्या आईच्या पाटल्या मोडल्या होत्या. ते पैसे खिशात होते आणि हात खिशावर.

“मालक, तुमी?”

फरशी पुसणारी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. धोंडुबाई. गल्लीत दही विकायची तेव्हा शालननं तिच्या हातचं कितीदा तरी खाल्लं होतं. दह्याची पाटी जाऊन हातात फडकं कधी आलं, हे तिला ठाऊक नव्हतं.

“बरी हाईस न्हवं?” दादासो म्हणाले.

“जगतोय की.” ती शालनकडं बघत होती. “लेकीची फी भरायला आलासा?”

“व्हय.”

“माझ्या नातीचीबी भरायची हुती. सरूची. नर्सिंगला घालायचं म्हणून दह्यातलं पैसं तुमच्याच दुकानात ठेवलंतं. घरातल्या डब्यापरास मालकाचं दुकान बरं, म्हटलं.”

पुढची-मागची पोरं बोलायची थांबली.

“मीच बुडालो, धोंडुबाई. तुझं कुठनं देऊ? ही फीसुदीक हिच्या आईच्या पाटल्या मोडून...”

दादासोंनी जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला.

धोंडुबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “कोर्टात आमी समदी मागं हुबी हुतो. सायबानं इचारलं, तवा देवाची आण घिऊन म्हणालासा, घरात सोन्याचा मणी न्हाय.”

शालननं वडिलांकडं पाहिलं. भागीदारानं दुकान खाल्लं, होतं नव्हतं ते बाबांनी लोकांना वाटून टाकलं, असंच तिनं घरात ऐकलं होतं. त्यावरून ती एकदा मैत्रिणीशी भांडलीही होती. दादासो भिंतीचा उडालेला पोपडा बघत होते.

“पुढचं कोण?” खिडकीतला कारकून खेकसला. “भरायचेत का न्हाईत? बंद करतोय मी.”

दादासोंनी नोटा बाहेर काढल्या, पण हात मध्येच राहिला. धड खिडकीकडं नाही, धड धोंडुबाईकडं नाही.

हे पैसे या बाईच्या ओच्यात टाकावेत आणि घरी जावं, असं शालनच्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. मग तिनं वडिलांच्या हातातल्या नोटा ओढून घेतल्या आणि खिडकीत सरकवल्या.

“भरतो मी,” ती म्हणाली.

कारकून थुंकी लावून नोटा मोजायला लागला. धोंडुबाई तिथंच उभी होती.

“कशाचं शिकनार गं, पोरी?”

शालनला उत्तर द्यायचं नव्हतं. तरी दिलं. “वकिलीचं.”

“वकिलीचं!” धोंडुबाईनं फडकं बादलीत पिळलं. “ब्येस झालं की, मालक. पुढच्या खेपंला वकील बाहेरचा करायला नगो.”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं. शालननं वळून बघितलं तर दादासोही हसत होते. सगळ्यांबरोबर, मान हलवत, मोठमोठ्यानं, चेष्टा दुसऱ्याच कुणाची तरी चालल्यासारखे.