एका टाकीत नांदणारे

क्रॉफर्ड मार्केटपाशी ट्राममधून उतरताना हेमचंद्रानं हातातल्या किटलीवरचं फडकं सारखं केलं, आणि चार माणसं मागे दडलेल्या बुधाजीचा संशय पक्का झाला. हातभट्टी! दारूबंदीच्या राज्यात दर रविवारी दुपारी झाकलेली किटली घेऊन घराबाहेर पडणारा कारकून दुसरं काय आणायला जाणार? दूध?

लेक बकुळा हिच्यासाठी स्थळ म्हणून हेमचंद्रात तसं नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. नोकरी पक्की, दादरला दोन खोल्या, माणूस देवगडकडचा. आज दिवेलागणीला होकार की नकार ते कळवायचं होतं. पण मुलगा एक दिवस मागून पाहिल्याशिवाय मुलगी द्यायची नाही, हा बुधाजीच्या घराण्याचा रिवाज. त्याच्या आज्यानं तर एका होऊ घातलेल्या जावयाचा वेंगुर्ल्यापासून सावंतवाडीपर्यंत झाडाझाडाआडून पाठलाग केला होता, आणि जिथं झाड नव्हतं तिथं तो स्वतःच झाड होऊन उभा राहिला होता म्हणतात.

हेमचंद्र मार्केटच्या मागच्या अंगाला वळला. ससे, कबुतरं मागे टाकून एका अंधाऱ्या गाळ्यात शिरला. बुधाजी पोपटाच्या पिंजऱ्याआड झाला.

"झालाच पाहिजे! झालाच पाहिजे!" पोपट त्याच्या कानात ओरडला. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्चावाल्या कुणाच्या तरी घरून आलेला असणार. हेमचंद्र वळला.

"काका? तुम्ही इकडे?"

"वाट चुकलो," परळात केस पांढरे केलेला बुधाजी म्हणाला, आणि बोलता बोलता फडकं काढलेल्या किटलीवर नाक नेलं. पाणी. नुसतं पाणी. गाळ्यात चहूकडे काचेच्या टाक्या आणि त्यांत बोटाबोटाएवढे रंगीत मासे.

"घरी चार फुटी टाकी आहे, काका. तिच्यात सोडायला एक मासा न्यायचाय."

"खातात हे?"

"छे! बघतात."

दारुडा परवडला, दारुडा निदान चकण्याला मासे तरी खातो. देवगडचा माणूस मासा विकत घेतो आणि त्याच्याकडे नुसता बघत बसतो? ह्याच्या मनात नक्कीच काहीतरी काळं आहे.

गाळेवाल्या कासमभाईनं जाळीत एक एंजल उचलून पुढं धरला. चपटा, त्रिकोणी, पापलेटाच्या पोरासारखा. बुधाजीचा अंगठा जन्माच्या सवयीनं पुढं झाला आणि त्यानं माशाचा कल्ला उचलून पाहिला.

"अरे चाचा! जिंदा है वो!"

"तांबडो आसा," बुधाजी गंभीरपणे म्हणाला. "ताजो आसा. घ्या."

"एंजल आहेत माझ्याकडे," हेमचंद्र हसू दाबत म्हणाला.

"मग ते पट्टेवाले घ्या."

"ते टायगर बार्ब. एंजलच्या लांब झालरी कुरतडून ठेवतील."

"बरं, ते बारके?"

"गप्पी? एंजलच्या तोंडात मावतात, काका. जो ज्याच्या तोंडात मावतो, त्याला तो कधी ना कधी गिळतोच. वैर नसलं तरी."

"सोनेरी तरी?"

"स्वभावानं चांगला. पण घाण फार करतो, आणि त्याला पाणी गार लागतं. आमच्या पाण्यातला नाही तो."

"साहब का ऐसाच है," कासमभाई बुधाजीला म्हणाला. "समिती में लाल, भगवा, सब एक सतरंजी पे बैठ गया. लेकिन साहब की टाकी में किसी को जगा नहीं!"

शेवटी हेमचंद्रानं एक गुरामी मादी निवडली. मोतिया रंगाची, शांत, कुणाच्या वाटेला न जाणारी आणि कुणाच्या घशात न मावणारी.

बुधाजीचे डोळे बारीक झाले. बकुळाही शांत होती, अंगानं थोराड होती. आपल्या पोरीला ह्यानं असंच जाळीत धरून पारखलं की काय? दादरच्या त्या दोन खोल्यांत ह्याची आई सुंदराबाई, एक आत्या आणि थोरली वहिनी. तिघींचे आवाज जिन्याच्या पहिल्याच पायरीवर गाठतात.

"ही आत सोडली की जुने काय करतात हिला?" त्यानं विचारलं.

"टोचतात," हेमचंद्र सरळ म्हणाला. "कोपरे त्यांचे ठरलेले असतात ना."

"आणि तुम्ही बघता."

"नाही हो. सोडायच्या आधी मी आतलं सगळं हलवतो. दगड इकडचे तिकडे, झाडं उपटून दुसऱ्या टोकाला. मग कुठला कोपरा कुणाचा, ते जुन्यांनाही कळत नाही. सगळेच नवे होतात. टोचायला कुणाला सवड नसते."

बुधाजीनं आधी गुरामीकडे पाहिलं. मग हेमचंद्राकडे.

"तुमच्या आईची शेगडी कुठल्या भिंतीला?"

"खिडकीच्या. का?"

"मसाल्याचे डबे?"

"आत्याच्या फळीवर. पण काका..."

"दिवेलागणीला येतो. शेगडी दुसऱ्या भिंतीला दिसली तर होकाराचा नारळ देईन हातात. नाहीतर चहा घेईन आणि जाईन."



"पण आईला विचारायचं कुणी?"

"का?" बुधाजी म्हणाला. "माशांना विचारून हलवता काय ओ?"