मॉरीनला नाही म्हणायचं

"तू मॉरीनला 'नाही' म्हणून दाखव, मी बसस्टॉपवर फुगडी घालते!" शेजारच्या खोलीतल्या मालनने पैज लावली.

एस्तेरला घामच फुटला. मिरजेच्या दवाखान्यात नर्स म्हणून तिची बारा वर्षं सीनियरपुढे मान डोलावण्यात गेलेली. इथे इंग्लंडात वॉर्डची सीनियर नर्स मॉरीन तिला काम शिकवायची, पण पास झाल्याची सही काही करेना. आणि सहीशिवाय नोकरी पक्की होणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॉरीनने तिच्या हातात इंजेक्शन ठेवलं. "दे पटकन. पेशंटचं नाव नंतर बघू."

"नाही!" एस्तेर किंचाळली. "आधी नाव बघणार!"

गेली नोकरी, एस्तेरच्या मनात आलं.

मॉरीनने हसत पेन काढलं. "हे ऐकायला तीन आठवडे थांबले गं बाई!"

संध्याकाळी बसस्टॉपवर मालनने ओढणी कमरेला खोचली. फुगडीला जोडीदार म्हणून मॉरीनच पुढे सरसावली. बस आली, तर ड्रायव्हरही इंजिन बंद करून बघत बसला.