गुरुवारचा बाबा

"बाबा, तू का आलास?" बागेच्या फाटकातच लेकीनं विचारलं.

बायकोच्या ऑफिसला सुट्टी रविवारी, आमच्या कारखान्याला गुरुवारी. त्यामुळे गुरुवारी पोरीला पाळणाघरात न सोडता मी बागेत आणतो, रविवारी बायको आणते. इतरांच्या पोरांना आईबाप एकच दिवस मिळतात, आमचीला दोन, असं आम्ही सगळ्यांना दिमाखात सांगायचो. या रविवारी मात्र सुपरवायझरच्या हातापाया पडून मी सुट्टी बदलून घेतली होती. तिघांनी मिळून जायचं म्हणून बायकोनं पहाटे उठून पुऱ्या तळल्या.

मी बूट काढून गवतावर आडवा झालो. "झोका कोणी द्यायचा, मी की आईनं?" असं लाडात विचारलं. ती आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. झोक्याकडे गेली नाही, पुरीलाही हात लावला नाही. थोड्या वेळानं तिनं माझे बूट एकेक करून उचलून आणले आणि पायांपाशी नीट ठेवले.

"घाल. आज आईचा रविवार आहे."

"अगं, आज मी पण आहे ना," मी म्हणालो. बायको डब्याचं झाकण लावत बसली.

लेक जवळ आली. पाळणाघराच्या दारात आम्ही तिच्या गालावरून रोज घाईघाईनं हात फिरवतो, तसाच तिनं माझ्या गालावरून फिरवला. मग अगदी आमच्याच आवाजात म्हणाली, "रडायचं नाही हं. गुरुवारी ये."