कावळ्याचं पीस

दहाव्याला कयाधू नदीच्या काठावर आबांच्या पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, भटजी कंटाळले, तसा मी हात जोडून मोठ्यानं बोललो, “आबा, शिवकन्येच्या वाटणीचं वावर तिलाच देतो.” शिवकन्या माझी बहीण, मागं बायकांत उभी होती. कावळा लगेच शिवला आणि उडताना एक पीस टाकून गेला. मी पारदर्शक रेझिनमध्ये पिसं गोठवून पेनं बनवतो. ते पीस धुऊन, वाळवून साच्यात ठेवलं आणि वर रेझिन ओतलं. पेन काचेसारखं निघालं, एकही बुडबुडा नव्हता. वर्षानं हक्कसोडपत्र घेऊन तिच्याकडे गेलो, तेव्हा खिशात तेच पेन होतं. तिनं ते उजेडात धरून पाहिलं. “दादा, ज्याच्यासमोर बोलला व्हतास, त्यालाच साक्षीला आणलंस व्हय?” मी कागद पुढं सरकवला. तिनं त्याच पेनानं सही केली. एकदा घट्ट झालेल्या रेझिनमध्ये नवा बुडबुडा येत नसतो. पिसाशेजारी आज तिसरा आला.