परत म्हण

बाबा खिडकीपाशी वर्तमानपत्र पसरून नखं कापत होते. ती कामावर निघाली होती. बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "परदेशातलं पथक येतंय आमचा प्रकल्प बघायला. आणि नेमकं आत्ताच हे निघालं."

हे म्हणजे एक व्हॉल्व्ह. बाहेरची वीज गेली तर अणुभट्टी थंड ठेवणारे पंप डिझेल इंजिनावर चालतात. त्या इंजिनाला पाणी पोचवणारा व्हॉल्व्ह. त्याच्या आतली खीळ झिजून तुटली होती. बाहेरचा दांडा 'उघडा' दाखवत होता, आत तो बंद होता. गरज पडली असती तर इंजिन तापून थांबलं असतं. तिच्या पाळीत ते लक्षात आलं, खीळ बदलली, घडलं काहीच नाही. मोठे साहेब म्हणाले होते, घरातली गोष्ट घरातच राहू दे.

बाबांचा जन्म अशाच प्रकल्पात गेला होता. निवृत्तीनंतर ते अशाच पथकांबरोबर देशोदेशीचे प्रकल्प पाहून आले होते. त्यांनी नेलकटर खाली ठेवलं.

"लपवावंसं वाटेल ते आधी दाखव. परत म्हण."

ही नियंत्रण कक्षातली रीत. सांगितलेलं ऐकणाऱ्याने मोठ्याने परत म्हणायचं, सांगणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं, मगच बटणाला हात लावायचा. परत म्हटलं नाही, तर सांगणं पोचलंच नाही असं धरायचं. बाबांनी ती घरीही आणली होती. आई म्हणायची, "मीठ संपलंय." बाबा म्हणायचे, "मीठ संपलंय, आणतो," आणि तिच्या 'बरोबर'साठी पिशवी घेऊन दारात उभे राहायचे. "नवरा मागितला होता, पोपट पदरात पडला," आई म्हणायची.

"परत म्हण की गं."

"बाबा, मी तुमच्या पाळीत नाही. बघू." ती हसत जिना उतरली.

त्या दुपारी बाबा खुर्चीतच गेले. वर्तमानपत्राची घडी मांडीवर तशीच होती.

पथक ठरल्याप्रमाणे आलं. पथकप्रमुख बाई वयस्कर होत्या, प्रत्येक यंत्रापुढे शेजारणीकडे आल्यासारख्या रेंगाळत होत्या. डिझेलच्या खोलीत त्यांनी इंजिनावर हात ठेवला. "आमच्याकडे हेच आहे. व्हॉल्व्हही हेच. म्हातारं झालंय, पण भरवशाचं."

साहेबांनी घाईने पुढचं दार उघडलं. मागे राहून ते तिला हळूच म्हणाले, "मॅडम, आज तुमचे वडील असते तर त्यांनीही प्रकल्पाचं नाव राखलं असतं."

दुपारच्या सुट्टीत ती स्टोअरमध्ये जाऊन आली.

शेवटच्या बैठकीत बाईंनी समोरचे कागद बाजूला सारले. "आम्ही परीक्षा घ्यायला आलेलो नाही. आम्हीही हेच काम करतो. आमच्या नजरेतून सुटलेलं काही आहे का?"

"छे, सगळं तर पाहिलंत तुम्ही," साहेब म्हणाले आणि हसले. टेबलाभोवतीचे सगळे हसले. कुणीतरी खुर्ची मागे सरकवली.

तिला डोळ्यांपुढे एक अनोळखी खोली दिसली, तसंच म्हातारं इंजिन, आणि दांड्याकडे बघून निर्धास्त परत फिरणारा कुणीतरी.

ती उठली. खिशातली तुटकी खीळ तिने टेबलाच्या मध्यावर ठेवली. बाईंनी ती उचलून उजेडात धरली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. साहेब तिच्याकडे बघत राहिले.

मग नियंत्रण कक्षात बोलतात तशी, एकेक शब्द सुटा करत, ती मोठ्याने म्हणाली,

"लपवावंसं वाटेल ते आधी दाखवते, बाबा."