चष्म्यासकट फोटो

"चष्मा काढा, आजोबा. नियमच आहे तसा."

घड्याळजींनी असं तोंड केलं, जणू कुणी दात उपटायला सांगितला होता. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, चष्मा त्यांच्या नाकाला चिकटलेलाच. "घरून आणलेला फोटो आहे की," ते म्हणाले.

फॉर्मवालीने तो बाजूला सारला. फोटोत चष्मा होता आणि काचेवर उजेड चमकत होता. मामाकडून फॉर्म भरून द्यायचं हे दुकान घेऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते, पण मामाने ठेवलेली फाईल तिने चाळली होती. परदेशी जायची परवानगी मागणारे आजी-आजोबांचे चार वर्षांचे चार अर्ज होते. आजींचा दर वेळी मंजूर, आजोबांचा दर वेळी नामंजूर, आणि कारण एकच, फोटो. मामाचं डोकं कुठे होतं, कोण जाणे.

आजी दाराजवळच्या बाकावर विणत बसल्या होत्या. नजर अधू झाली होती, पण सुया सवयीने चालत होत्या. नातवासाठी स्वेटर, त्यांनी सांगितलं. किती वर्षांचा, असं विचारल्यावर उत्तर आजोबांनीच घाईघाईने दिलं. नऊचा.

"तुमची परवानगी तर दर वर्षी येते. तुम्ही पुढे का नाही गेलात?" फॉर्मवालीने आजींना विचारलं.

"यांना सोडून? छे गं," आजी म्हणाल्या आणि टाके मोजू लागल्या.

प्रवासाचं कारण म्हणून फॉर्मवाली 'लेकीची भेट' लिहिणार, तोच आजोबांनी तिला थांबवलं. पर्यटक म्हणून भर, त्याला कागद कमी लागतात. तेही खरंच होतं. तिने त्यांना भिंतीपुढे उभं केलं, चष्मा काढायला लावला आणि स्वतः फोटो काढला. उघड्या डोळ्यांचे आजोबा एकदम म्हातारे दिसले.

आठ दिवसांनी निकाल आला. दोघांनाही परवानगी. फॉर्मवालीला स्वतःलाच तिकीट मिळाल्यासारखा आनंद झाला. दोघं आली, आजी बाकावर टेकल्या आणि आजोबा काउंटरशी आले. तिने हसत संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

आजोबांनी पडद्यावर हात ठेवला.

"नामंजूर झालं म्हणून सांग," ते अगदी हळू म्हणाले.

तिला काही उमगेना. मग त्यांनी काउंटरला धरून, बाकाकडे पाठ करून सांगितलं. चार वर्षांपूर्वी तिकडे गाडीला अपघात झाला. लेक जागीच गेली. नातू पाच वर्षांचा होता, तोही गेला. फोन आजोबांनीच घेतला होता. आजींचं हृदय तेव्हाही नाजूक होतं, म्हणून सांगितलं नाही, आणि मग सांगायचं राहूनच गेलं. लेकीची पत्रं ते स्वतः लिहितात आणि स्वतःच वाचून दाखवतात. दर वर्षी अर्ज केला नाही तर तिला संशय येईल, म्हणून अर्ज. आणि मंजूर होऊ नये म्हणून चष्मा.

"तिला कळलं तर ती जगायची नाही, पोरी."

एका फोटोने आपण केवढा घोळ घालून ठेवला होता. फॉर्मवाली उठली, बाकापाशी गेली आणि आजींना म्हणाली, या वर्षीही आजोबांचं नाही झालं. फोटोच पुन्हा.

आजींच्या सुया थांबल्या. "बरं," त्या म्हणाल्या. आजोबांनी डोळे पुसून चष्मा लावला आणि ते रिक्षा बघायला रस्त्यावर गेले.

आजींनी शेवटचा टाका बंद केला, लोकर तोडली आणि स्वेटर फॉर्मवालीच्या हातात ठेवला. तो इवलासा होता.

"घरात कुणाला झाला तर बघ. पाच वर्षांच्या मुलाचा आहे. दर वर्षी तेवढाच विणते."

फॉर्मवालीने स्वेटर उलगडून पाहिला. बाहेर आजोबा रिक्षा थांबवत होते. आजींनी चाचपडत तिचा हात धरला.

"पुढच्या वर्षी त्यांना चष्मा काढायला लावू नकोस."