खांद्याची शिवण

“वहिनी, रेनकोटाची शिवण खांद्यावरच बसली पाहिजे. ही पार दंडावर उतरलीय. साहेबांना मीडियम घ्या,” दुकानदार म्हणाला. ऐन एप्रिलच्या उकाड्यात त्याला माळ्यावरून खोके उतरवायला लावले होते.

“यांना एक्सएलच लागतो,” बायको म्हणाली.

आरशात मी बुजगावण्यासारखा दिसत होतो. बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर येत नव्हती. मी वैतागलो. “अगं, स्कूटर चालवायचीय मला! बाह्या सावरू की ब्रेक दाबू? आजारपणात पार वाळून गेलोय, दिसत नाही का तुला?”

तिनं माझ्या बाह्या दुमडल्या, गळ्याचं बटण लावलं. शाळा सुरू होण्याआधी पोरांना गणवेश घालून बघायची, तशी दोन पावलं मागे सरून बघत राहिली.

दुकानदार हसला. “वहिनी, वाढत्या अंगाचा लहान मुलांना घेतात. मोठ्या माणसाला मापाचाच लागतो.”

“तुम्ही हाच बांधा हो!” ती त्याच्यावर खेकसली. “पावसाला अजून दोन महिने आहेत. तोवर भरेल यांचं अंग.”

मी मीडियमचा खोका दुकानदाराकडे परत सरकवला.